बीपी आणि आपलं शरीर: कोल्हापूरकर हमखास विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न दवाखान्यातले कमी आणि दवाखान्याबाहेरचे जास्त आहेत. रंकाळ्यावर फिरताना, लग्नाच्या पंगतीत, मेडिकलच्या काउंटरवर विचारलेले. डॉक्टरांसमोर माणूस मान हलवतो, चिठ्ठी घेतो आणि खरी शंका बाहेर येऊन शेजाऱ्याला विचारतो. शेजारी उत्तर देतोच, हा त्यातला धोका. म्हणून इथं शक्य तिथं कुठल्या संशोधनातून काय कळलं तेही सांगितलंय. नुसतं ‘डॉक्टर म्हणाले’ एवढ्यावर वर्षानुवर्षं गोळी खायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये. तुमची गोळी आणि तुमचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

“मला कायबी तरास न्हाई. मग बीपी हाय म्हणून गोळी कशाला खायाची?”

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो वेडगळ अजिबात नाही. त्रास नसलेल्या माणसाला रोगी का म्हणायचं, असं साधारण शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टरही विचारत होते. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त ढकलायला दाब वाढलेलाच बरा, तो उतरवला तर उलट अपाय होईल, अशी तेव्हाची समजूत होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी कित्येक वर्षं चढत गेलं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीचा आकडा होता ३००/१९०. वय ६३. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांच्या हातात धड औषधही नव्हतं.

१९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. त्यांच्यावर उपचार करायचे नव्हते, फक्त पाहत राहायचं होतं: कुणाला हार्ट ॲटॅक येतो, कुणाला लकवा मारतो, आणि त्या माणसांचं आधी काय वेगळं होतं. ज्यांचं बीपी जास्त होतं ते आपापल्या कामाला जात होते, त्यांना काही जाणवत नव्हतं, आणि काही वर्षांनी तेच जास्त संख्येनं कोसळत होते. ‘खालचं बीपी महत्त्वाचं, वरचं वयानं वाढतंच’ हा समजही याच अभ्यासानं मोडला (१४०/९० मधलं १४० हे वरचं, ९० हे खालचं). उतारवयात तर वरचा आकडाच जास्त बोलतो.

आता उलट बाजू. डोकं दुखणं, चक्कर, चिडचिड, मानेत कळ ही बीपीची लक्षणं आहेत असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा त्यांचा बीपीशी संबंध नसतो. १७० बीपी असलेला माणूस साखर कारखान्यावर पूर्ण पाळी करून येतो आणि अर्धशिशीनं डोकं धरून बसलेल्या बाईचं बीपी ११० निघतं. ‘मला कळतंय की माझं बीपी वाढलंय’ असं म्हणणाऱ्यांचं तिथल्या तिथं मोजून बघा. अंदाज बहुधा चुकतो.

नक्की किती म्हणजे जास्त? कुणी १४० सांगतं, कुणी १३०.

दोघंही चूक नाहीत. निसर्गानं अशी रेघ कुठंच मारलेली नाही, ती माणसांनी बसून ठरवली आहे.

२००२ मध्ये ६१ अभ्यासांतल्या सुमारे १० लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ४० ते ६९ या वयोगटात, ११५/७५ पासून पुढं, वरचं बीपी दर २० अंकांनी किंवा खालचं दर १० अंकांनी वाढलं की लकव्यानं आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे १३९ ला निवांत आणि १४१ ला घाबरलेलं, याला काही अर्थ नाही. १४० वाला माणूस १२० वाल्याच्या दुप्पट धोक्यात असतो, मग त्याच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असो की नसो.

मग सगळ्यांना १२० वर आणायचं का? हे पाहायला अमेरिकेत ‘स्प्रिंट’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. ९,३६१ जण, सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे आणि हृदयविकाराचा धोका जास्त असलेले. अर्ध्यांचं लक्ष्य १४० च्या खाली, अर्ध्यांचं १२० च्या खाली. दुसऱ्या गटात हार्ट ॲटॅक, लकवा, हार्ट फेल्युअर अशा घटना मिळून २५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि मृत्यू २७ टक्क्यांनी. चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवली गेली, कारण फरक उघड दिसत होता. त्याचबरोबर त्या गटात बीपी फार उतरणं, भोवळ येणं, किडनीवर ताण येणं हेही जास्त झालं. आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. तिथं बीपी मोजताना माणसाला शांत बसवून यंत्रानं अनेकदा मोजत होते. आपल्या गर्दीच्या ओपीडीत घाईनं घेतलेला आकडा त्याहून चढाच येणार, त्यामुळं तिथला १२० आणि इथला १२० एक नव्हे.

२०१७ पासून अमेरिकेनं रेघ १३०/८० वर आणली. आपल्याकडं आजार ठरवायला अजून १४०/९० च धरतात. माझं मत विचाराल तर घरी नीट मोजलेलं १३० च्या खाली राहिलं आणि उठताना भोवळ येत नसेल, तर ते उत्तम. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना मात्र हा हट्ट धरू नका.

‘वय अधिक शंभर’ हे खरं का?

नाही. साठीला १६० चालतं, हे कट्ट्यावरचं गणित माणसं मारतं. वयाबरोबर बीपी वाढणं सर्रास दिसतं, म्हणून ते निरोगी ठरत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात यानोमामी नावाचे आदिवासी राहतात, त्यांच्या जेवणात मीठ जवळपास नसतंच. त्यांच्यात म्हातारपणीही बीपी तरुणपणीइतकंच असतं, साधारण शंभरीच्या आत.

एकदाच मोजलं आणि १५० आलं. झाला का मला बीपी?

लगेच नाही. बीपी दिवसभर हलत असतं. जिना चढून आलात, चहा घेतलात, लघवी तुंबलीय, शेजारी कुणी मोठ्यानं फोनवर बोलतंय, एवढ्यानंही आकडा चढतो. त्यात समोर डॉक्टर दिसला की काहींचं आणखी १५-२० नं वाढतं आणि घरी गेलं की उतरतं. याच्या उलटेही असतात: दवाखान्यात १२५, घरी आणि कामावर १४५. हे जास्त धोक्याचे, कारण ते पकडले जात नाहीत.

मोजण्याच्या पद्धतीवर आम्ही दवाखान्यातलेच लोक फार ढिलाई करतो. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंडाचा पट्टा योग्य मापाचा आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका अभ्यासात फक्त हाताच्या जागेनं किती फरक पडतो ते तपासलं. हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सुमारे ४ अंकांनी जास्त दिसलं, हात लोंबकळत सोडला तर सुमारे साडेसहानं. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा त्याहूनही फुगतो. एखाद्याला बिनगरजेची गोळी लागायला एवढं पुरतं.

घरी दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाऱ्याचं मशीनच खरं, हा आग्रह आता सोडायला हरकत नाही. पारा विषारी असल्यानं ती यंत्रं जगभर मागं पडत चालली आहेत. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं आठवडाभर मोजून वहीत लिहा. पहिल्या दिवसाचं सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा जास्त म्हणजे दवाखान्यातल्या १४०/९० इतकंच. आणि कृपा करून दिवसातून वीस वेळा मोजू नका. मोजण्याच्या काळजीनंच ते वाढतं.

वाढलेल्या दाबानं शरीरात नेमकं काय बिघडतं?

हृदयापासून सुरुवात करू. दिवसाला साधारण एक लाख ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं. त्यामुळं हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. मेहनत करून पैलवानाचा दंड भरतो तसंच हे, असं वाटेल, पण दंडाला रक्तपुरवठाही वाढून मिळतो आणि रात्री विश्रांतीही मिळते. हृदयाला दोन्ही नाही. जाड झालेली भिंत ताठर होते, नीट सैल पडत नाही, कप्पा पुरेसा भरत नाही आणि चालताना दम लागायला लागतो. इकोच्या रिपोर्टवर ‘एलव्हीएच’ अशी तीन अक्षरं दिसतात ती हीच. चांगली बातमी अशी की बीपी काबूत ठेवलं तर हे जाडपण बऱ्याच जणांत कमी होतं.

मेंदूत मोठ्या रक्तवाहिनीपासून काटकोनात निघणाऱ्या बारीक फांद्या असतात. मोठीतला सगळा दाब त्या थेट झेलतात. वर्षानुवर्षं मार खाऊन त्यांची भिंत खराब होते. मग ती एक तर फुटते, म्हणजे रक्तस्राव, नाही तर आतून बुजते आणि मेंदूचा डाळीच्या दाण्याएवढा भाग मरतो. असा एखादा दाणा गेल्याचं कळतही नाही. पुष्कळ गेले की माणूस मंद होतो, चाल बिघडते, विसरायला लागतो. ‘वय झालं’ म्हणून आपण ज्याकडं दुर्लक्ष करतो त्यातलं बरंच हे असतं. चीनच्या खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांनी बीपीचा नेटानं पाठपुरावा केला तर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. तिथं मोठी इस्पितळं नव्हती, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

किडनीचं दुखणं सगळ्यात मुकं. एकेका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. दोन्ही मिळून रोज दीडशे लिटरच्या वर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. दाबानं गुच्छ एकेक करून बंद पडतात, उरलेल्यांवर भार वाढतो, आणि अर्ध्याहून अधिक गेले तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, जेमतेम हलतं. त्याच्या बरंच आधी लघवीत प्रथिनं दिसू लागतात. म्हणून बीपी असलेल्यानं वर्षातून एकदा लघवीची तपासणी केलीच पाहिजे. शिवाय किडनी खराब झाली की ती स्वतःच बीपी वाढवते. हॅरी गोल्डब्लॅट यांनी १९३४ साली कुत्र्याच्या किडनीची धमनी चिमट्यानं आवळून बीपी वाढवून दाखवलं होतं.

डोळा. शरीरात रक्तवाहिन्या उघड्या दिसतात ती जागा एकच, डोळ्याचा पडदा. १९३९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या बदलांच्या चार पायऱ्या पाडल्या. त्या काळी, औषधं नसताना, चौथ्या पायरीवरच्या पाच रुग्णांतला जेमतेम एक वर्षभर जगत होता. आता ती पायरी क्वचित दिसते. गोळ्यांनी काय फरक पडला हे विचारणाऱ्याला एवढं पुरेसं आहे.

मीठ किती? आणि तांबडा-पांढरा बंद करायचा का?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर. तेही सगळं मिळून. आपण भारतीय त्यापेक्षा बरंच जास्त खातो.

कोल्हापुरात लोक रश्श्याला घाबरतात आणि खरा चोर सोडून देतात. तिखटानं बीपी वाढत नाही. पण तिखट झेपायला मीठही वर चढतं, आणि दोन वाट्या तांबडा, दोन पांढरा ओरपला की मटणाचे तुकडे चारच खाल्ले तरी मीठ भरपूर पोटात गेलेलं असतं. महिन्यातून एखाद्या रविवारचा रस्सा मी तरी कुणाचा बंद करत नाही. रोजच्या ताटाकडं बघतो: जेवताना वरून घेतलेलं मीठ, लोणच्याची फोड, खर्डा, पापड, दह्यात मीठ, चहाबरोबर खारी, टीव्हीसमोर भडंग आणि फरसाण, सकाळी मिसळीवर पुन्हा पुन्हा मागून घेतलेला कट. कांदा-लसूण मसाल्यात मीठ आधीच असतं, आणि भाजीत तो टाकून आपण वर पुन्हा मीठ घालतो. पापडखार, खायचा सोडा, ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर यांतही सोडियमच असतं.

सैंधव घेतलं तर चालतं का? नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी, किंमत जास्त.

पोटॅशियम मिसळलेलं मीठ मात्र वेगळं. चीनमध्ये ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर, ज्यांना आधी लकवा होऊन गेला होता किंवा साठीपुढं बीपी होतं, एक चाचणी झाली. अर्ध्या गावांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं. साधारण पाच वर्षांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारी गोष्ट वैद्यकात विरळा. मात्र किडनी खराब असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

१९९७ मध्ये ‘डॅश’ आहाराचा प्रयोग झाला: फळं, भाज्या, डाळी, कमी साईचं दूध भरपूर आणि तळलेलं-गोड कमी. मीठ न बदलताही काही आठवड्यांतच बीपी उतरलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये. प्रयोगातलं दूध साय काढलेलं होतं आणि पेले मोजके होते.

तालमीत जातो, पण बीपी निघालं. मेहनत बंद?

बंद नाही, बदला. जोर मारताना श्वास रोखून धरला की बीपी भयंकर चढतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी वजन उचलणाऱ्या तरुणांच्या धमनीत सुई घालून थेट मोजलं. पायांनी वजन ढकलताना त्यांची सरासरी ३२०/२५० च्या आसपास गेली आणि एकाची ४८०/३५० च्या पुढं. निरोगी तरुण शरीर ते काही क्षण सोसतं. पन्नाशीतल्या, बीपी काबूत नसलेल्या माणसानं मात्र तालमीच्या जुन्या आठवणीनं एकदम बैठका काढायला जाऊ नये.

आधी गोळीनं आकडा खाली आणा, मग श्वास न रोखता जोर-बैठका, हलकं वजन, रंकाळ्याला भराभर चालणं, सगळं करा. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबून राहणं, यासारख्या एका जागी जोर धरून ठेवायच्या व्यायामांनी विश्रांतीच्या वेळचं बीपी सगळ्यात जास्त उतरलेलं दिसलं. तेही श्वास चालू ठेवून.

बाकी खुराक, बदाम-थंडाई ठीक. पण जिममध्ये कुणी ताकदीची पावडर किंवा इंजेक्शन हातात ठेवलं तर ते बीपीच्या माणसानं घ्यायचं नाही. खरं तर कुणीच नाही.

मिश्री लावते, विडी-सिगारेट नाही. चालेल?

नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं आणि बीपी, ठोके दोन्ही चढतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका दिवसातून तीन-चार वेळा लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. डॉक्टरांनीच ‘मिश्री लावता का, मावशी?’ असं विचारायला हवं.

एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर? सवय लागते म्हणतात.

सवय लागत नाही. गोळी बंद केल्यावर बीपी परत चढतं, कारण ते मुळात चढलेलंच होतं, गोळीनं दाबून धरलेलं. ‘आता नॉर्मल आलंय, म्हणून मी बंद केली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर न चिडण्याचा सराव करावा लागतो. गोळी चालू आहे म्हणून ते नॉर्मल आहे.

गोळीनं खरंच फायदा होतो, याचा पहिला ठाम पुरावा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतून १९६७ साली आला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पोकळ गोळीवाल्यांत २७ गंभीर घटना घडल्या, औषधवाल्यांत २. त्यानंतर एवढ्या चढ्या बीपीसाठी तरी ‘उतरवावं की नाही’ हा वाद संपला.

काहींच्या गोळ्या कमी होतात, क्वचित सुटतातही: वजन दहा किलोनं उतरलं, दारू सुटली, मीठ निम्म्यावर आलं, घोरण्याच्या आजारावर उपचार झाले. पण ती डॉक्टरांनी आकडे बघत हळूहळू कमी करायची असते. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन ही बीपीची औषधं एकदम तोडली तर उलटा फटका बसतो.

जडीबुटीनं बरं होतं का? सर्पगंधा तर आपलीच ना?

आपलीच, आणि तिची गोष्ट अभिमानानं सांगावी अशी आहे. कोलकात्यात सेन आणि बोस यांनी १९३१ साली तिच्या मुळीचा बीपीवरचा परिणाम नोंदवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर ती वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये अनुभव छापला, आणि तेव्हा कुठं पाश्चात्त्य जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. वर सांगितलेल्या १९६७ च्या चाचणीत दिलेल्या औषधांत रेसर्पिनही होतं.

मग आज ती पहिली का देत नाहीत? जास्त मात्रेत उदासपणा, सुस्ती, नाक चोंदणं असे त्रास दिसले आणि पुढं जास्त सोसवणारी औषधं आली. बाजारातल्या मुळीच्या पावडरीत औषधी द्रव्य किती आहे हे पुडीवरून कळत नाही. औषध चालू असताना वरून पावडर घेतली तर दोन औषधं एकदम घेतल्यासारखंच होतं.

लसूण, मेथी, दुधी जेवणात खुशाल खा. गोळीच्या जागी नको.

सगळ्यात चांगली गोळी कोणती? आणि सकाळी की रात्री?

भारतीयांवर झालेल्या ‘टॉपस्पिन’ या चाचणीत सुमारे दोन हजार जणांना दोन-दोन औषधं एकत्र असलेल्या तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन पाहिल्या. तिन्हींनी बीपी जवळपास सारखंच उतरलं आणि सुमारे ७० टक्के लोकांचं १४०/९० च्या खाली आलं. त्यामुळं शेजाऱ्याची गोळी तुमच्यापेक्षा भारी आहे का, याची चिंता सोडा. कमी मात्रेत दोन औषधं ही एकाच औषधाच्या मोठ्या मात्रेपेक्षा सहसा बरी.

वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ तपासून झालं. सकाळी आणि रात्री, फरक शून्य. विसरणार नाही ती वेळ धरा.

या गोळ्यांनी किडनी खराब होते ना?

किडनी खराब होते बीपीनं. काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं, ते बहुधा किडनीतला दाब उतरल्याचं चिन्ह असतं. काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, एवढंच. खरी किडनी बिघडवणारी गोळी तुम्ही चिठ्ठीशिवाय घेता: गुडघेदुखीची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे रोज घेतल्या की बीपीही चढतं आणि बीपीच्या औषधाचा असरही कमी होतो.

ॲम्लोडिपिननं पाय सुजतात, रॅमिप्रिलसारख्यांनी कोरडा खोकला येतो. हे खरे त्रास आहेत. सांगा, गोळी बदलता येते. गुपचूप बंद करू नका.

तारेनं नसा जाळून बीपी बरं करतात, असं ऐकलं.

किडनीच्या धमनीभोवतीच्या मज्जातंतूंना आतून उष्णता देऊन शांत करायचं, अशी ती पद्धत. सुरुवातीला निकाल इतके झकास होते की खूप गाजावाजा झाला. २०१४ मध्ये एका चाचणीत साधारण एक तृतीयांश रुग्णांवर प्रक्रियेचं नुसतं नाटक करून पाहिलं, तर दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतार! पुढं तंत्र सुधारलं, पुन्हा नीट चाचण्या झाल्या, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ती गोळ्यांना भर म्हणून, निवडक लोकांसाठी आहे. उतार बेताचाच. कुणी ‘गोळ्यांतून कायमची सुटका’ म्हणून विकत असेल तर उठून या.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनवरही काम चालू आहे. ते अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

सूनबाईला सातव्या महिन्यात बीपी निघालं. बाळंत झाल्यावर जाईल ना?

बहुतेकदा उतरतं, पण तोवर वाट बघायची नाही. विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढं काजवे, बरगडीखाली दुखणं म्हणजे त्याच दिवशी इस्पितळ. झटके येऊ शकतात, बाळंतपणानंतरच्या दिवसांतही. अशा बाईला पुढं आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, म्हणून बारशानंतर तिचं बीपी मोजणं घरानं विसरू नये. बाळाचं वजन सगळे विचारतात, तिचं बीपी कुणी विचारत नाही.

अचानक २०० दाखवलं. जिभेखाली गोळी फोडू?

नको. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत एके काळी सगळीकडं होती. बीपी धाडकन खाली येऊन त्यातूनच हार्ट ॲटॅक आणि लकवे झाले, म्हणून १९९० च्या दशकात ती सोडून द्यायला सांगितलं गेलं.

शांत बसा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आजची गोळी राहिली असेल तर घ्या. आकडा मोठा पण बाकी काही त्रास नाही, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, दम लागणं, दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करून कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं इस्पितळ गाठा. गुठळीनं आलेल्या लकव्यात ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन होणं भाग असतं. आजरा-चंदगडाकडून निघणाऱ्यांनी वाटेत अंगारा लावायला थांबू नये. निघतानाच इस्पितळात फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का ते विचारून घ्या, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून बरोबर ठेवा. तिथले डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

खर्च परवडत नाही. मग?

बीपीची मुख्य औषधं जुनी आहेत, म्हणून स्वस्त आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत असतात, जनऔषधी दुकानात अगदी कमी किमतीत. २०१७ अखेरीस सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बीपी-नियंत्रण उपक्रमात आपल्या जवळचे सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्हे पहिल्या टप्प्यातच होते. ठरलेली साधी औषधं, प्रत्येकाच्या नावाचं कार्ड, न आलेल्याला फोन, अशी ती पद्धत. केंद्रावर एका वेळी महिन्याभराची गोळी मागून घ्या. दर आठवड्याला रोजगार बुडवून यावं लागलं की माणूस तिसऱ्या आठवड्याला येत नाही.